ताप बघायची पेटी

मित्रांनो, तुम्ही शाळेतून रांगेने येता, काचेला नाक लावता, माझ्याखालची चिठ्ठी मोठ्याने वाचता आणि पुढच्या कपाटाकडे पळता. चिठ्ठीवर लिहिलंय, 'ससे बसवण्याची लाकडी पेटी. वापर बंद.' झालं. माझी सव्वीस वर्षांची नोकरी सहा शब्दांत उरकली. मला राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. म्हणून आज जरा थांबा. मी जुनी आहे, एका कोपऱ्यात चिरलेय, अधूनमधून माझी तंद्री लागते आणि बोलता बोलता मी भलतीकडे जाते. पण जे सांगेन ते खरं सांगेन.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याआधी मी झाड होते म्हणे. ते मला नीट आठवत नाही. दुपारी ऊन काचेवरून सरकतं तेव्हा कुठेतरी उंचावर काहीतरी हलतंय असं वाटतं, एवढंच. सुताराला आठ पेट्यांचं काम मिळालं होतं. पेटी लांबट, आणि पुढच्या फळीला एक गोल भोक. ती फळी मधोमध कापलेली. वरचा भाग उचलायचा, ससा आत ठेवायचा, मान भोकात आली की वरचा भाग खाली सरकवायचा. डोकं बाहेर, धड आत. सुताराने विचारलं, "ससे असे कशाला बसवायचे?" माप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "औषधाच्या कामाला." सुताराची समजूत झाली की आजारी सशांना औषध पाजायचं असणार. म्हणून त्याने भोकांच्या कडा दोन दिवस घासल्या. घासून झालं की मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरवून बघायचा, कुठे टोचतंय का. त्याचा गैरसमज कोणी दूर केला नाही.

आम्हा आठ जणींना एका मोठ्या इमारतीत आणलं. तिथे सलाईनच्या बाटल्या तपासायचे. पांढऱ्या फरशीची खोली, पूर्वेला एक खिडकी, भिंतीवर घड्याळ, आणि लांब ओट्यावर आम्ही ओळीने. त्या खोलीत चपला काढून यायचं, मोठ्याने बोलायचं नाही, दार आपटायचं नाही. ससा घाबरला की त्याचं अंग तापतं, आणि आमचं सगळं काम त्या तापाचंच होतं.

काम काय होतं ते सांगते. सलाईन थेट माणसाच्या रक्तात जातं. त्यात जंतू मेलेले असले तरी त्यांची घाण राहून गेली, तर आजारी माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, कधी जीवावर बेततं. ही घाण डोळ्यांना दिसत नाही. ती सशाला कळते. म्हणून प्रत्येक नव्या घाण्यातली, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालातली, एक बाटली आमच्याकडे यायची. तीन ससे तीन पेट्यांत बसायचे. शेपटीखालून थर्मामीटरची बारीक नळी, कानाच्या शिरेतून सुई, आणि मग तीन तास नुसतं बसणं. दर अर्ध्या तासाला ताप टिपायचा. तिघांचा वाढलेला ताप एकत्र मिळवायचा. बेरीज ठरलेल्या हद्दीच्या आत राहिली तर माल चांगला, हद्द ओलांडली तर सगळा घाणा फेकून द्यायचा.

मित्रांनो, मला माझ्या कामाचा अभिमान होता. उगाच कानावर हात ठेवत नाही. किती माणसं माझ्यामुळे सुखरूप घरी गेली असतील, त्यांना माझं तोंडही माहीत नाही. मोठे साहेब, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, पाहुण्यांना दाराच्या काचेतून आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, "यंत्रं चुकतात. ससे खोटं बोलत नाहीत." हे ऐकलं की मला अंगभर पॉलिश केल्यासारखं वाटायचं.

पण ते तीन तास. ते मला अजून स्वप्नात येतात. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकत सरकत ओट्याच्या पायाशी पोचायचं. घड्याळाची टिकटिक. माझ्या आत एक ऊबदार अंग, आणि त्यात पळणारं इवलंसं काळीज. सशाचं काळीज फार जोरात चालतं. मला वाटायचं, हा ससा आत्ता कुठल्यातरी माळावर धावत सुटलाय, आणि इथे माझ्यात फक्त त्याचं अंग राहिलंय. मीही मग त्याच्याबरोबर जायचे. गवत कसं असतं ते मला ठाऊक नाही, तरी मी गवतातून जायचे. तीन तासांनी फळी वर उचलली जायची आणि आम्ही दोघं परत यायचो.

फळी उचलायचे ससेकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण इमारतीत सगळे त्यांना ससेकाकाच म्हणत. ससे पाळणं, त्यांना खायला घालणं, पेटीत बसवणं, सगळं त्यांच्याकडे. इतकी वर्षं हळू बोलून त्यांचा आवाजच बसला होता. घरी काकू वैतागून म्हणायच्या, "माझ्याशी बोलताय की भिंतीशी?" हे त्यांनीच सशांना सांगितलेलं मी ऐकलंय. सशांना ते सगळंच सांगायचे. जावयाचं, गुडघ्याचं, गळक्या नळाचं.

सगळे ससे त्यांना सारखेच होते, एक सोडून. करड्या रंगाची एक मोठी ससीण होती, कानातल्या बिल्ल्यावर चार आकडा. ती पेटीत बसायची ती अशी, जणू हे कचेरीचं टेबल आहे आणि आपण आता सह्या करणार आहोत. काकांनी तिचं नाव ठेवलं 'सरकार'. "काय सरकार, आज स्वारी खुशीत दिसतेय," म्हणत ते तिला उचलायचे. ती बहुतेक वेळा माझ्यातच बसायची. उजव्या बाजूला मान टेकायची, आणि तिथे माझी कड जरा गुळगुळीत झाली होती. तिचा श्वास मला ओळखीचा झाला होता.

आता वाईट भाग येतो. नियम असा होता की ज्या सशाला ताप चढला, त्याला पुन्हा चाचणीला वापरायचं नाही. त्याच दिवशी त्याला कायमचं झोपवायचं. का, ते काकांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. काकांना वाटायचं, काम झालं की वस्तू टाकून देतात तसंच हे. ते मान खाली घालून नियम पाळायचे आणि त्या दिवशी डबा न उघडता परत न्यायचे.

एका सोमवारी खराब घाणा आला. तिन्ही सशांना ताप चढला. त्यातली एक सरकार होती. माझ्या आत ती नुसती भट्टी झाली होती. तिने मान माझ्या कडेवर टाकून दिली, डोळे अर्धे मिटले. काकांनी आकडे लिहिले.

त्याच सकाळी ससे ठेवायच्या शेडमध्ये एक ससा पोटाच्या दुखण्याने मेला होता. बिल्ला अकरा. रंगाने करडाच. काकांनी तो मेलेला ससा खोलीत आणला. मग त्यांनी सरकारच्या कानातला चारचा बिल्ला काढला आणि मेलेल्या सशाच्या कानात घातला. अकराचा बिल्ला सरकारच्या कानात आला. वहीत लिहिलं गेलं, चार नंबर गेला. अकरा नंबर जिवंत. साहेबांनी सही केली.

मला सगळं कळलं होतं. बिल्ला बदलला तरी मान तीच. पण मी कोणाला सांगणार? आणि खरं सांगू, सांगता आलं असतं तरी मी गप्पच बसले असते. मला ती हवी होती.

त्याच इमारतीत एक ताई होत्या. वयाने लहान, डोळ्यांवर जाड चष्मा, कोटाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. दोन वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. सशांशिवाय ताप ओळखायचा. तीन तासांच्या मधल्या वेळात त्या आमच्या खोलीत येऊन बसत आणि काकांना समजावून सांगत.

"काका, ताप माणसाला येणार. मग विचारायचं सशाला कशाला? माणसालाच विचारू."

"माणसाला बसवणार का या पेटीत?" काका हळूच म्हणाले.

"माणसाला नाही, त्याच्या रक्ताला. लोक खुशीने रक्त देतात. त्यातलं चमचाभर बारीक खड्डे असलेल्या बशीत घ्यायचं, त्यात सलाईनचे थेंब टाकायचे आणि एक दिवस उबेत ठेवायचं. जंतूंची घाण असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चाहूल लागते. त्या एक पदार्थ सोडतात. मी त्यात रंगाचं औषध घातलं की बशीतला खड्डा पिवळा होतो. घाण नसेल तर पाणी तसंच राहतं."

काका म्हणाले, "म्हणजे ताप रक्ताला येणार, आणि माणूस घरी निवांत."

"अगदी तसंच," ताई म्हणाल्या आणि खुशीने उरलेलं बिस्कीट खाल्लं.

साहेबांचा यावर विश्वास नव्हता. ते वाईट नव्हते. एखादी खराब बाटली आपल्या हातून सुटली तर कोणाच्या तरी घरचं माणूस जाईल, ही भीती त्यांना जन्मभर होती, आणि सशांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. त्यांनी ताईंना एवढंच सांगितलं होतं की प्रत्येक घाण्याला ससे आणि बशी दोन्ही लावा. एकदा जरी दोघांचं पटलं नाही, तर बशी बंद.

त्या सोमवारनंतर आठ दिवसांनी नवा घाणा आला. पाळीनुसार अकरा नंबरची पाळी होती. काकांनी तिला टाळलं असतं तर का टाळलं हे सांगावं लागलं असतं. त्यांनी तिला माझ्यात बसवलं आणि कानाशी पुटपुटले, "बसा सरकार. तीन तासांचा तर प्रश्न आहे."

शेजारच्या दोन पेट्यांतल्या सशांना थोडा थोडा ताप चढला. सरकारला काहीच नाही. तिचं अंग जसंच्या तसं, शांत. तिघांची बेरीज हद्दीच्या जेमतेम आत राहिली. माल चांगला ठरला. काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मलाही हायसं वाटलं. दोघंही किती मूर्ख होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि ताई बोलत बोलतच आमच्या खोलीत आले. काका ब्रशने मला धूत होते. ताईंच्या हातात बशी होती, आणि तिच्यातले खड्डे एकजात पिवळेधमक.

"तीन वेळा केलं, सर. तीन वेगवेगळ्या माणसांचं रक्त. हा माल बाहेर जाऊ देऊ नका."

"ससे म्हणतात माल चांगला आहे," साहेब म्हणाले. "बशी म्हणते वाईट आहे. मी कोणाचं ऐकू? दुपारी तीनला गाडी लागणार आहे, इस्पितळातून दोनदा फोन आलाय. ठरलं होतं तसंच करू. बशीचं काम आजपासून थांबवा."

ताईंचा चेहरा पडला. तरी त्या हटल्या नाहीत. "एकच गोष्ट असू शकते. एखाद्या सशाला नुकताच ताप येऊन गेला असेल, तर त्याचं अंग त्या घाणीला सरावतं. पुन्हा ती टोचली तरी त्याला ताप चढत नाही. म्हणून तर तापलेला ससा परत वापरायचा नाही, असा नियम आहे." मग त्या वळल्या. "काका, हे तिघंही याआधी न तापलेलेच होते ना?"

ब्रश माझ्या फळीवर थांबला. काकांच्या बोटांतून मला सगळं कळत होतं.

"वहीत आहे तसंच," काका म्हणाले.

साहेब आणि ताई गेले. काका स्टुलावर बसले. माझ्यातून पाणी निथळत होतं आणि ते फरशीवर जमणारं थारोळं बघत होते. खरं सांगितलं तर सरकार जाणार, नोकरी जाणार. गप्प बसलं तर तीनला गाडी जाणार, आणि कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी खाटेवर, कोणालातरी हुडहुडी भरणार. त्याच्या उशाशी त्याची बायको बसलेली असेल. नाहीतर आई. काकांनी एकदा शेडच्या दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मीही त्यांच्याबरोबर पाहत होते. मित्रांनो, मला त्या वेळी वाटलं, त्यांनी गप्प बसावं. हे मी आज कबूल करते. लाकडालाही लोभ सुटतो.

काका उठले, दार उघडलं, आणि बोळाच्या टोकाला पोचलेल्या साहेबांना हाक मारली. इतकी मोठी हाक की शेडमधले सगळे ससे एकदम पाय आपटायला लागले. माझ्या सगळ्या नोकरीत त्या खोलीत एवढा आवाज कधी झाला नव्हता.

"साहेब, गाडी थांबवा. अकरा नंबर म्हणजे चार नंबर आहे."

साहेब परत आले. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बिल्ला, मेलेला ससा, वहीतली खोटी ओळ. "मला नियम कळला नव्हता. मला वाटायचं, उगाच मारतात. मारायचा म्हणून मारतात. हिला वाचवलं तर कोणाचं काय बिघडणार, असं वाटलं."

साहेब रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत, खचल्यासारखे झाले. "इतक्या वर्षांत मी तुम्हाला कारण सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं नाही, साहेब."

गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी तीन न वापरलेले ससे आणले. काकांनीच ते बसवले. दुसऱ्या तासाला तिघांनाही ताप चढला आणि बेरीज हद्दीपलीकडे गेली. माल खराब होता. बशी बरोबर होती. ताई खिडकीशी उभ्या होत्या. दोन वर्षांची मेहनत फळाला आली होती, पण त्या हसल्या नाहीत. पेट्यांतल्या तीन तापलेल्या डोक्यांकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

साहेब स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत ते पहिल्यांदा बसले असतील. "माझ्या हाताखालून किती ससे गेले असतील?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत," काका म्हणाले. "मोजले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर यायला पाय उचलला नसता."

"नियम माझ्या हातात नाही. हे तिघं आणि ती, चौघांनाही जावं लागेल. बशीचे कागद मात्र मी आजच वर पाठवतो. माझ्या सहीने. सशांपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे, असं लिहून."

काकांनी एकच गोष्ट मागितली. सरकारला शेवटी त्यांनीच धरावं. त्या दिवशी तिला माझ्यात बसवलं नाही. ती काकांच्या मांडीवर होती आणि ते तिला हळू आवाजात गळक्या नळाचं सांगत होते. नळ दुरुस्त झाला म्हणे. सरकारने ऐकता ऐकता मान त्यांच्या कोपरात टाकली. मग खोलीत फक्त काकांचा आवाज उरला, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

मित्रांनो, कागद वर जायला आणि खाली यायला चार वर्षं लागली. वर बसलेल्या लोकांनाही साहेबांसारखीच भीती होती. पण दर वर्षी पेट्या कमी लागत गेल्या. आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. शेवटी एक दिवस परवानगीचा कागद आला आणि शेडमधले उरलेले नऊ ससे लोकांनी घरी नेले. साहेबांनी एक नेला. तो त्यांच्या सगळ्या वह्या कुरतडतो असं ऐकलंय, आणि ऐकून मला बरं वाटलं. आम्हा पेट्यांचं सरपण होणार होतं. ताईंनी एक मागून घेतली. मला का निवडलं, कोणास ठाऊक.

काकांची नोकरी गेली नाही. चूक मोठी होती, तिची शिक्षाही त्यांना झाली, सशांचं काम काढून घेतलं. मग ताईंनी त्यांना मागून घेतलं. बशीसाठी लोक रक्त द्यायला येतात ना, त्यांना बसवायचं काम. सुईला घाबरणारी माणसं असतात. काका त्यांच्याशी हळू आवाजात जावयाचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात, आणि पिशवी कधी भरली ते त्यांना कळत नाही. माणसं उठून स्वतःच्या पायांनी बाहेर जातात. काकांना याचं अजून नवल वाटतं.

एवढी वर्षं बसवून ठेवायचं काम केलेल्या पेटीचं एक ऐका. तुम्ही मोठे व्हाल, डॉक्टर व्हाल, औषधं कराल, जनावरांचा चारा कराल, लोकांचं अन्न कराल. कोणीतरी तुमच्या हातात एक मुका जीव देईल आणि म्हणेल, हे असंच करायचं असतं. तेव्हा हळू आवाजात का होईना, पण त्याच दिवशी विचारा, का? आणि दुसऱ्या कुठल्या रीतीने होईल का? आमच्या काकांनी विचारायला उशीर केला, साहेबांनी सांगायला उशीर केला, आणि मला तर बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसले असते.

सशांशिवाय पहिली चाचणी झाली त्या सकाळी मला इथे, त्याच इमारतीतल्या या कपाटात, आणून ठेवलं होतं. दार उघडं होतं. काका शेजारच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले आणि बाही वर करून ताईंना म्हणाले, "पहिलं माझं घ्या." ताईंनी घेतलं. दुसऱ्या दिवशी बशी पिवळी झाली, एक खराब घाणा पकडला गेला, आणि त्या वेळी काका घरी काकूंबरोबर जेवत होते. त्यांना ताप नव्हता. कोणालाच नव्हता.